‘ओरिजिनल कुठंय?’ असं विचारलं तर ब्लॉकच हातात द्या

कोथरूडहून एका ताईंचं पत्र आलंय, चार पानी आहे म्हणून इथे थोडक्यात देते. वय ४८, एका ऑफिसात अकाउंट्स बघतात, मुलगी शिकायला बाहेरगावी गेल्यावर संध्याकाळ खायला उठायला लागली म्हणून व्हिडिओ बघून बघून लिनोकट शिकल्या, म्हणजे लिनोच्या तुकड्यावर (त्यालाच ब्लॉक म्हणायचं) चित्र कोरायचं, शाई लावायची आणि कागदावर ठसा काढायचा. दीड वर्षात ११ ब्लॉक कापले, सगळे पेठांमधल्या जुन्या वाड्यांचे. दिवाळीच्या आधी एका हॉलमधल्या प्रदर्शनात दोन दिवसांचा स्टॉल घेतला, भाडं ३,००० रुपये. ४० प्रिंट्स नेल्या, ए-फोर साइझच्या, बिनफ्रेमच्या, ४०० रुपयांना एक. विकल्या गेल्या तीन. पुढचं त्यांच्याच शब्दांत:

“दोन दिवसांत निदान वीस जणांनी विचारलं, ही प्रिंट आहे ना, मग ओरिजिनल कुठंय? एक बाई तर म्हणाल्या, झेरॉक्सला चारशे? मला काय बोलावं सुचेचना. जाऊबाई म्हणतात फ्रिज मॅग्नेट कर, मंडाला कर, ते खपतं. दीर म्हणतात एकच स्कॅन करून शंभर कॉप्या काढ आणि दीडशेला वीक. ३७ प्रिंट्स कपाटावर पडल्यात, तिकडे बघवत नाही. किंमत १५० करू का? की बंदच करू हे सगळं? काळा रंगही एकसारखा बसत नाही, मध्ये मध्ये पांढरे ठिपके राहतात, त्यामुळेही असेल. एक आजोबा मात्र जिन्याच्या चित्रापुढे बराच वेळ उभे होते, ब्लॉक बघायला मिळेल का विचारत होते, पण तो शाईने माखलेला म्हणून पिशवीतच ठेवला होता, मी नाही म्हटलं.”

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या आजोबांपाशी येऊन थांबले. तुम्ही ते वाक्य जाता जाता लिहून टाकलंय, आणि मला वाटतं तुमच्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर त्या पिशवीत होतं. शाईने माखलेला होता म्हणून नाही म्हटलं! अहो, माखलेलाच दाखवायचा असतो तो.

आधी ते ‘ओरिजिनल कुठंय’चं बघू, कारण त्या प्रश्नानं तुम्हाला फार लागलंय असं दिसतं. विचारणाऱ्यांचा दोष धरू नका. आपल्याकडे प्रिंट म्हटलं की डोळ्यापुढे कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान येतं, पेनड्राइव्ह द्यायचा आणि प्रिंट काढून आणायची. आणि आपल्या घरांमधून छापील चित्रं आली ती कुठल्या तरी मूळ चित्राची नक्कल म्हणूनच आली ना. आपल्या पुण्यात चित्रशाळा प्रेस १८७८ मध्ये निघाला, तिथली देवादिकांची रंगीत शिळाछापाची चित्रं घरोघर भिंतीवर गेली. मग १८९४ मध्ये राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि पुढे तो आपल्या लोणावळा लोकलच्या वाटेवर मळवली लागतं ना, तिथे आला. त्यांची लक्ष्मी-सरस्वती कोणाच्या आजीच्या देवघरात नव्हती सांगा. तर लोकांच्या डोक्यात हे पक्कं बसलंय की मोठं ऑइल पेंटिंग कुठेतरी राजवाड्यात असणार आणि आपल्याकडे आलीये ती त्याची छापील प्रत. त्या चित्रांपुरतं ते बरोबरही आहे.

लिनोकटचं तसं नसतंच. तुमच्या जिन्याच्या चित्रामागे कुठलंही मूळ पेंटिंग नाही. ब्लॉकवर चित्र उलटं असतं, तो स्वतः काही भिंतीवर लावायची वस्तू नाही, कागदावर ठसा उठतो तेव्हाच चित्र पहिल्यांदा जन्माला येतं. म्हणजे वीस ठसे काढलेत तर वीसही ओरिजिनल. नंदलाल बोस यांचं काठी घेऊन चालणाऱ्या गांधीजींचं १९३० सालचं काळंपांढरं चित्र सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं, दांडीयात्रेच्या वेळचं, ते लिनोकटच आहे. त्याचं ओरिजिनल विचारलं तर त्या ब्लॉकवरून हाताने काढलेला ठसा, हेच उत्तर.

पण हे सगळं स्टॉलवर उभं राहून कोणाला सांगत बसणार तुम्ही? शेजारी चकलीची पाकिटं, समोर कुर्ते, मागून कोणीतरी ढकलतंय. कोणी ऐकून घेणार नाही आणि ऐकलं तरी पटणार नाही. दाखवलं तर मात्र अर्ध्या मिनिटात पटतं. कसब्यात तांबट आळीत कधी गेला असाल तर आठवून बघा, मठारलेलं भांडं हातात घेतलं की माणूस आधी त्या ठोक्यांवरून बोट फिरवतो. समोर ठकठक चालू असते, कोणीतरी मांडी घालून बसलेलं असतं, हातोडी पडतेय, भांडं फिरतंय. तिथे कोणी विचारत नाही की हे हाताने केलंय का. तुमच्या टेबलावर ती ठकठक नव्हती ताई. तुम्ही ४० स्वच्छ कागद प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून मांडलेत आणि ज्या वस्तूवरून हात फिरवता आला असता ती टेबलाखाली लपवलीत.

तर पुढच्या वेळी असं करा. जिन्याचा ब्लॉक टेबलाच्या मधोमध, त्याच्या शेजारी त्याचीच प्रिंट. उलटं आणि सुलटं शेजारी शेजारी दिसलं की माणूस आपोआप मान तिरकी करतो, एकदा इकडे बघतो एकदा तिकडे, आणि मग हात पुढे येतोच. येऊ द्या. बोटाला शाई लागली तर लागू दे, एक ओलं फडकं ठेवा. कटर ठेवा, रोलर ठेवा, कापताना निघालेल्या लिनोच्या कुरळ्या सालपट्या एका वाटीत ठेवा, लहान मुलं आधी त्या वाटीकडेच येतात बघा.

आणि मुलांसाठी एक छोटा ब्लॉक वेगळा कापा, आगपेटीपेक्षा थोडा मोठा, सायकल किंवा मांजर असं काहीतरी, आणि पोस्टकार्डाएवढे कागद. मुलांना स्वतःला ठसा काढू द्या, फुकट. आपल्याकडच्या प्रत्येक माणसाने शाळेत भेंडी कापून ठसे काढलेत, बटाट्याचे काढलेत. मूल ठसा काढायला लागलं की मागे उभी असलेली आई म्हणते, अय्या, हे तर भेंडीच्या ठशासारखंच, आणि तिथेच तिला तुमचं सगळं काम कळलेलं असतं. प्रिंट हा शब्दही स्टॉलवर वापरू नका. कलाशाळेत मुद्राचित्र म्हणतात, ते जरा जड होतं, सरळ ‘हाताने काढलेला ठसा’ लिहा. मुलांसाठीच्या त्या ब्लॉकला पाण्याने धुतली जाणारी शाई वापरा म्हणजे नव्या कपड्यांवरून भांडणं नकोत.

आता पैशाचं. १५० करू का विचारता, तर नाही, अजिबात करू नका, आणि हे मी भावनेच्या भरात सांगत नाहीये, तुम्हीच पत्रात दिलेल्या आकड्यांवरून सांगतेय. एक ब्लॉक कापायला तुम्हाला साधारण १४ तास लागतात. एक ठसा काढायला, शाई लावून चमच्याने घासून, २० मिनिटं. वीस ठशांची आवृत्ती धरली तर ६ तास ४० मिनिटं. दोन्ही मिळून २० तास ४० मिनिटं, म्हणजे एका ठशामागे एक तास आणि वर दोन मिनिटं. कागद, शाई, लिनोचा हिस्सा असं सगळं तुम्ही ६० रुपये लिहिलंय. ४०० ला विकलात तर तुमच्या त्या तासाचे ३४० उरले, १५० ला विकलात तर ९०. आणि यात स्टॉलचं भाडं धरलेलंच नाही. ३,००० भाड्यात वीस ठसे विकले गेले असं समजू, म्हणजे डोक्यावर १५० रुपये प्रत्येकी, मग १५० किंमत ठेवलीत तर प्रत्येक ठशामागे ६० रुपये पदरचे घालून तुम्ही लोकांना चित्र वाटताय! ४०० ला १९० तरी उरतात. नुसतं भाडं सुटायला ४०० च्या भावाने नऊ विकायला हवे होते, विकले गेले तीन. तेव्हा गणित चुकलंय हे खरंच, पण किमतीचं नाही, जागेचं चुकलंय.

दिवाळीच्या प्रदर्शनात माणूस यादी घेऊन आलेला असतो. वहिनीला काय, नणंदेला काय, ऑफिसातल्या चौघींना काय, शंभर-दोनशेत बसेल असं. त्या यादीत पडक्या वाड्याचं काळं चित्र नसतं, कितीही चांगलं असलं तरी. त्या गर्दीत जायचंच असेल तर यादीत बसणारी वस्तू न्या, तीच लिनोची, तीच तुमच्या हातची. छोट्या ब्लॉकवरून काढलेली भेटकार्डं, पाचचा संच आणि खाकी पाकिटं. किंवा दाराची कडी, देवळी, तुळशीवृंदावन असे तळहाताएवढे ठसे. लहान ब्लॉक दोन-तीन तासांत कापून होतो, ठसा पाच-सात मिनिटांत निघतो, त्याची किंमत कमी ठेवली तर ती प्रामाणिकपणे कमी असते. मोठ्याची पाडून नव्हे. जाऊबाईंचं म्हणणं असं अर्धं ऐका. मॅग्नेट करणाऱ्या पुष्कळ आहेत आणि चांगले करतात, पण तुमच्या पत्रात मंडालाबद्दल एकही ओळ उत्साहाची नाही, वाड्याच्या कडीपाटाबद्दल अर्धं पान आहे.

दिरांचं मात्र ऐकू नका. स्कॅन करून शंभर कॉप्या काढल्यात की मग त्या बाई बरोबर ठरतील ना, झेरॉक्सच होईल ते. आणि ज्या तिघांनी ४०० देऊन नेलं त्यांना काय वाटेल? डिजिटल कॉपी वाईट असते असं नाही, पण ती कॉपी आहे हे लिहून विकायची, आणि हातच्या ठशांच्या शेजारी तर मांडायचीच नाही.

याला लागूनच आवृत्तीचं सांगते, कारण तुम्ही अजून एकाही ठशावर काही लिहिलेलं नाहीये असं दिसतं. ठसा काढायच्या आधी ठरवा किती काढणार, समजा २०. मग प्रत्येकाच्या खाली पेन्सिलने, पेनने नाही, डावीकडे ३/२० असं, म्हणजे विसातला तिसरा, मध्ये चित्राचं नाव, उजवीकडे सही. वीस झाले की थांबायचं. एकविसाव्याने कितीही गळ घातली तरी थांबायचं. काहीजण शेवटी ब्लॉकवर एक आडवा काप मारतात, म्हणजे पुन्हा काढताच येऊ नये, तुम्हाला जिवावर येत असेल तर मारू नका पण मग शब्द पाळा. आकडा घालायचा नसेल, मागणी येईल तसे काढत राहायचे असतील तर तेही चालतं, फक्त तसं सांगा आणि किंमत त्या मानाने ठेवा. त्या ३७ मध्ये एका ब्लॉकचे किती आहेत ते मोजा, चांगले निवडा, आधी विकलेले तिन्ही धरून आकडे घाला. ज्यांच्यात ठिपके फार आहेत ते बाजूला काढा, त्यांचं पुढे सांगते.

ठिपक्यांचं कारण बहुतेक तुमचा कागद. तुम्ही लिहिलंय जाड, खरबरीत हातकागद, बोटाला दाणे लागतात असा. हातकागदाबद्दल मला फार माया आहे, कसब्यात कागदीपुरा आहे, शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० पासूनची, सुती चिंध्यांच्या लगद्यापासून कागद बनतो, हे सगळं आपल्या गावचं आहे आणि वाड्यांची चित्रं त्यावरच शोभतात. पण खरबरीत कागदाला डोंगर-दऱ्या असतात, चमच्याने घासताना शाई नुसती डोंगरांवर बसते आणि दऱ्या पांढऱ्या राहतात, तेच तुमचे ठिपके. छापखान्यासारखा दाब चमच्यात कुठून येणार. तेव्हा पातळ आणि गुळगुळीत हातकागद मागा, दोन्ही बाजूंवरून गाल लावून बघा, हसू नका, बोटापेक्षा गालाला नीट कळतं, आणि जी बाजू मऊ ती ब्लॉकवर. जाडच वापरायचा असेल तर आदल्या रात्री स्पंजने हलकं पाणी लावून, सगळे कागद एकावर एक, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, वर पाट ठेवून द्या. सकाळी पाणी दिसता कामा नये, नुसता गार लागला पाहिजे हाताला. तुमची शाई तेलाची आहे म्हणून हे चालेल, पाण्याच्या शाईला असं करू नका, ती फुटते.

शाई किती लावायची हे डोळ्यांनी नाही, कानांनी ठरवा. काचेवर शाईचा छोटा गोळा घेऊन रोलर फिरवायला लागलात की आधी चपचप असा ओला आवाज येतो, ते फार झालं. पसरवत राहा, उचला, पुन्हा फिरवा, हळूहळू आवाज बदलतो आणि गरम तव्यावर पाण्याचा हबका मारल्यावर येतो तसा बारीक चर्र आवाज यायला लागतो. तो आला की ब्लॉकवर जायचं, आधी नाही. मला हे कळायला पहिलं वर्ष गेलं. मग कागद ठेवला की एक तळहात त्यावर घट्ट, तो हलवायचाच नाही, आणि दुसऱ्या हाताने चमच्याची पाठ मधून कडेकडे, लहान लहान गोल. जिथे मोठा काळा भाग आहे तिथे दुप्पट वेळ. अर्धं झालं की हळूच एक कोपरा उचलून आत डोकवा, फिकं वाटलं तर खाली ठेवून पुन्हा घासा. तो कोपरा उचलतानाचा क्षण लोकांना दाखवण्यासारखा असतो, फोनवर व्हिडिओ टाकायचा असेल तर तयार चित्राचा टाकू नका, तो टाका.

लिनो जवसाचं तेल आणि बुचाच्या सालीचा भुगा यांचं बनतं, मागे तागाचं कापड असतं, त्यामुळे थंडीत कडक होतं आणि कटर सटकतो. बाल्कनीतल्या उन्हात दहा मिनिटं ठेवा, लोण्यासारखं कापलं जातं. डावा हात कायम कटरच्या मागे. तुम्ही अंगठ्याला टाके पडल्याचं लिहिलंय, पुन्हा नको.

अजून एक, हे काळजीने सांगते. तेलाची शाई पुसलेली फडकी तुम्ही सिंकखालच्या डब्यात कोंबून ठेवता. तसं करू नका. जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून बंद जागी ठेवली तर आतल्या आत तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. दोरीवर मोकळी पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून मग टाका. रोलर आणि काच पुसायला टर्पेंटाइनऐवजी थोडं गोडेतेल घ्या, मग भांड्याचा साबण, स्वयंपाकघरात वासही राहणार नाही. चमचा आणि ती काच पुन्हा जेवणाखाणात नाही.

वाळवण्याबद्दल मी पोळलेय. बऱ्याच वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये एका प्रदर्शनात पहिल्यांदा टेबल मिळालं, आठ दिवस आधी ठसे काढले, वरून कोरडे वाटले म्हणून प्लॅस्टिकच्या पाकिटांत घातले. आयोजकांनी ऐनवेळी ठरलेली जागा बदलून मागच्या दारापाशी दिली, तिथे पावसाची झड येत होती, आणि संध्याकाळी पाकिटं उघडली तर शाई प्लॅस्टिकला चिकटून निघून आली. चौदा ठसे गेले, त्यात माझ्या आईच्या माजघराचा एक होता, त्याचा ब्लॉकही आता नाही. पुण्याच्या पावसाळ्यात तेलाच्या शाईला वाळायला पंधरा दिवसही कमी पडतात. चिमट्याने दोरीवर टांगा, पंखा चालू ठेवा, रचून ठेवताना मध्ये बटरपेपर घाला, आणि कपाटावर ठेवलेत ते खाली काढा आजच, भिंतीला ओल असेल तर बुरशी धरेल.

जागेचं. मोठं काम दाखवायला गॅलरीच हवी असं नाही, पण गॅलरीला घाबरायचंही कारण नाही. बालगंधर्वचं कलादालन आहे, घोले रोडला महापालिकेचं राजा रविवर्मा कलादालन आहे, शनिवार पेठेत सुदर्शन कलादालन आहे, जाऊन बसा दोन-चार रविवार, लोक काय बघतात, किती उंचीवर टांगलंय, बघणारा कुठे थांबतो ते बघा. एकटीला भाडं झेपणार नाही तर तिघी-चौघी मिळून घ्या. पण त्याच्याही आधी माझं मत विचाराल तर तुमच्या सोसायटीचा क्लब हाऊस किंवा तुमचाच हॉल, एक रविवार, सकाळी दहा ते संध्याकाळी सात. भाडं नाही, घाई नाही. भिंतीवर दोरी बांधून चिमट्यांनी चित्रं लावा, खाली टेबलावर त्यांचे ब्लॉक, आणि तुम्ही दर तासाला एक ठसा काढून दाखवणार असं व्हॉट्सअॅपवर कळवा. फ्रेम फक्त दोनच चित्रांना करा, चित्राभोवती माउंटची रिकामी पट्टी ठेवून, म्हणजे घरी लावल्यावर कसं दिसेल ते कळतं, सगळ्यांना फ्रेम केलीत तर फ्रेमवाल्याचे पैसे आधी द्यावे लागतील आणि किंमत दुप्पट दिसेल. नातेवाईक फुकट मागतील, मागतातच. त्यांच्यासाठी ते ठिपकेवाले. आकडा घालायचा नाही, ‘चाचणी ठसा’ असं पेन्सिलने लिहायचं आणि प्रेमाने द्यायचा. आकडा असलेला ठसा मात्र सख्ख्या भावालाही पैसे घेऊनच.

एक गोष्ट स्पष्ट बोलते, रागावू नका. तुम्ही लिहिलंय की दिंडीदरवाज्याचं चित्र कोणाच्या तरी फोनवर आलेल्या फोटोवरून केलंय, फोटो कोणाचा माहीत नाही. तो ब्लॉक विक्रीतून काढून टाका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने फोटोवर काढणाऱ्याचा हक्क असतो, प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षं, आणि लिनोत कापला म्हणून तो तुमचा होत नाही. फोटोवाला सापडला तर परवानगी मागा, बहुतेक लोक आनंदाने देतात. नाहीतर सरावाचा ब्लॉक म्हणून घरी ठेवा. आणि मला तर चित्र बघूनच वाटलं होतं की यात काहीतरी कमी आहे, तुमच्या जिन्यात पायऱ्या मधोमध झिजलेल्या आहेत, कठडा हाताच्या जागी गुळगुळीत झालाय, ते तुम्ही तिथे उभं राहून पाहिलंय म्हणून आलंय. दरवाज्यात तसं काही नाही.

आणि विकल्या गेलेल्या तीनपैकी दोन जिन्याच्याच होत्या, हेही तुम्ही सहज लिहून गेलात. कोण घेतं असं चित्र? ज्याच्या घराचा जिना गेलाय तो. पुण्यात आज दर दोन गल्ल्यांआड एक वाडा नाहीतर सोसायटी रिडेव्हलपमेंटला चाललीये, माणसं सामान बांधतायत, जाताना भिंतींचे फोटो काढतायत. त्यांना विचारा. घर रिकामं करायच्या आधी जाऊन बसायचं, त्यांनाच विचारायचं की कुठला कोपरा हवा, आणि तेवढाच कापायचा. घरटी एक छोटी आवृत्ती, भावंडांत वाटायला पाच-सहा ठसे, पैसे अर्धे आधी अर्धे नंतर. हे मी अमुक इतकं चालेल असं छातीठोक सांगत नाही, पण तुमच्या टेबलापुढे दोन दिवसांत जो एकच माणूस खरोखर थांबला तो यासाठी थांबला होता असं मला वाटतं.

एक वही ठेवा टेबलावर, नाव आणि फोन लिहायला. त्या आजोबांचा नंबर घ्यायचा राहिला म्हणून तुम्ही हळहळलात ना, पुढच्या वेळी कोणी आलंच तर राहायला नको. आणि शुक्रवार पेठेतला तो वाडा, ज्याचा चौक तुम्हाला काढायचाय पण ‘आता कशाला’ म्हणून थांबलाय लिहिलंत, त्याला खालच्या बाजूने बांबू लागलेत म्हणता. या रविवारीच सकाळी जा, ऊन चौकात उतरतं तेव्हा, वही-पेन्सिल घेऊन, मालकांना विचारून आत बसा. हिरवी जाळी लागली की आतलं काही दिसत नाही.